नर्मदा उजव्या हाताला ठेवून

पायी नर्मदा परिक्रमेबद्दल, म्हणजे दोन्ही तटांनी चालत नदीला घातलेल्या प्रदक्षिणेबद्दल, लोक पहिला प्रश्न दिवसांचा विचारतात. त्याआधी सोडवायचा प्रश्न म्हणजे परिक्रमा उचलायची, म्हणजे सुरू करायची, कुठून. नर्मदेच्या कुठल्याही घाटावरून ती उचलता येते. अट एवढीच की जिथून उचलली तिथेच आणून पूर्ण करायची. मराठी माणसं बहुधा ओंकारेश्वर धरतात. इंदूर किंवा खंडव्याहून पोचणं सोपं, संकल्प सांगणारे पुरोहित घाटावरच भेटतात, आणि शेवटी ज्या ज्योतिर्लिंगावर जल चढवायचं तेही तिथेच. उगमाचं अमरकंटक, जबलपूरचा ग्वारीघाट, नेमावर, महेश्वर, नर्मदापुरम (आधीचं होशंगाबाद) इथूनही निघणारे पुष्कळ. माझ्या मते ही निवड श्रद्धेपेक्षा हवामान पाहून करावी. चातुर्मासात चालत नाहीत. कार्तिक शुद्ध एकादशीनंतर परिक्रमा उचलतात. तेव्हा ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने पश्चिमेकडे निघालं तर शूलपाणीची झाडी, म्हणजे सातपुड्यातलं जंगल, कोरड्या, गार दिवसांत पार होते, मुखाशी नावेने पार करायचा समुद्र पौषाच्या आगेमागे येतो, आणि अमरकंटकच्या पठारावर पोचेपर्यंत तिथली कडाक्याची थंडी ओसरलेली असते. त्याची भरपाई शेवटी करावी लागते. मंडल्यापासून हंडियापर्यंतचा दक्षिण तट चैत्र-वैशाखात येतो, आणि तिथे दुपारी पारा चाळीसच्या वर जाणं हे रोजचंच.

नदी १३१२ किलोमीटर लांब, म्हणजे दोन्ही तट मिळून २६२४. प्रत्यक्षात पायाखालून तीन हजारांहून जास्त जातात, कारण काठ आता सलग राहिलेला नाही. बर्गी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर आणि सरदार सरोवर या धरणांच्या फुगवट्याखाली जुन्या पायवाटा, घाट आणि अख्खी गावं गेली. इंदिरा सागरच्या पाण्यात गेलेलं हरसूद गाव २००४ साली रिकामं झालं. फुगवट्याचं पाणी उपनद्यांच्या खोऱ्यांत आत शिरतं. पूर्वी जी उपनदी गुडघाभर पाण्यातून ओलांडायचे, तिथे आता वळसा घालून वरचा पूल गाठावा लागतो. परंपरेने सांगितलेला काळ तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. तो चातुर्मास एका जागी काढणाऱ्या, तीर्थातीर्थावर थांबणाऱ्या साधूंचा हिशेब आहे. संसारातून सुट्टी काढून निघालेली माणसं चार ते सहा महिन्यांत पूर्ण करतात. तीन महिन्यांच्या आत उरकणारेही भेटतात. ते बहुतेक डांबरी रस्त्याने जातात आणि नदी त्यांना अधूनमधून, रस्त्याच्या कठड्यापलीकडे दिसते. त्यापेक्षा बसने पंधरा-वीस दिवसांत केलेली बरी, गुडघे तरी शाबूत राहतात.

संकल्पाचा विधी फार लांबत नाही. पुरुष मुंडण करतात, मग स्नान, पुरोहितासमोर संकल्प, नर्मदापूजन, कुमारिकापूजन आणि कढई, म्हणजे शिऱ्याचा नैवेद्य दाखवून तो कन्यांना वाढणं. याच वेळी एका लहान कुपीत नर्मदाजल भरून घेतात. पुढचे सगळे महिने रोज सकाळ-संध्याकाळ या कुपीची पूजा, आरती, नर्मदाष्टक. मुक्काम काठापासून पाच-दहा कोस आत पडला की हीच नदी. म्हणून ती काचेची नको, आणि दाबून बसवायच्या झाकणाचीही नको; पाठपिशवीत दाब पडला की गळते. घट्ट आट्याचं झाकण असलेली, शंभर-दीडशे मिलिलिटरची स्टीलची बाटली उत्तम. जल थोडंथोडं उडतं, मोठ्या तीर्थांवर त्यात नवं घालतात.

कागदांत आधार कार्ड आणि दोन-चार छायाचित्रं हवीत. ओंकारेश्वरला नगर परिषदेकडून परिक्रमावासी असल्याचं पत्र मिळतं. सोबत एक वही ठेवायची आणि तिच्यात मुक्कामाच्या आश्रमांचे शिक्के, तारखा घेत जायचं. हौस म्हणून नव्हे. परिक्रमावासी म्हणवून फुकट जेवत हिंडणारेही काठावर आहेत, त्यामुळे काही आश्रमांत रात्री उतरू देण्याआधी आणि समुद्राच्या नावेसाठी नाव नोंदवताना ही वही पाहतात. पावसाने, घामाने शिक्क्यांची शाई पसरते. वही जाड प्लास्टिकच्या पिशवीतच राहू द्यावी.

पाठीवर सात-आठ किलोंहून जास्त ओझं नको, पाणी धरून. पहिल्यांदा निघणारा हमखास बारा-चौदा किलो उचलतो आणि बडवानी येण्याआधी अर्धं सामान पोस्टाने घरी पाठवतो. पांढऱ्या कपड्यांचे दोन जोड, एक स्वेटर, गुंडाळीची फोमची चटई, हलकी स्लीपिंग बॅग आणि तिच्या आत घालायची सुती खोळ. आश्रमांत पांघरुणं मिळतात, पण खरूजही त्यांच्यातूनच मिळते. सुती खोळ त्यासाठी. कमंडलू किंवा कडीची डोलची, एक पातेलं, एक ताटली, सुरी, काडेपेटी. दंड बांबूचा, खांद्याइतका उंच: कुत्र्यांसाठी, उतारासाठी आणि ओढ्यात पाऊल टाकण्याआधी खोली पाहण्यासाठी. बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठे, कारण रोज वीस-पंचवीस किलोमीटर चाललं की पाय सुजतात आणि पंजा रुंदावतो. नवे बूट घालून संकल्प करणं हा सर्वांत महागात पडणारा उत्साह. घरी महिनाभर तरी त्यातच चालून झालेलं हवं.

नियमांची यादी पुरोहितागणिक लांबत जाते, पण गाभा एवढाच: नर्मदा सतत उजव्या हाताला, आणि तिची धारा ओलांडायची नाही. देवळात देव उजवीकडे ठेवून प्रदक्षिणा घालतात, तेच इथे. दक्षिण तटावर पश्चिमेकडे तोंड केलं की नदी उजवीकडे. समुद्र पार करून उत्तर तटावर पूर्वेकडे तोंड केलं की पुन्हा उजवीकडे. उपनद्या ओलांडायला मुभा आहे. मार्कंडेय ऋषींनी त्याही न ओलांडता प्रत्येकीच्या उगमाला वळसा घातला अशी कथा काठावर सगळीकडे ऐकू येते. बेटावर जायचं नाही, कारण बेट धारेच्या मध्ये. त्यामुळे ओंकारेश्वरहून उचलणाऱ्याने मांधाता बेटावरच्या ओंकारेश्वराचं दर्शन संकल्पाआधी उरकायचं. नंतर परिक्रमा पूर्ण होईस्तोवर पलीकडचं मंदिर नुसतं दिसतं. ममलेश्वर दक्षिण तटावरच आहे, तिथे जाता येतं. याहून कडक ती जलहरी परिक्रमा. तिच्यात समुद्रही पार करत नाहीत; पिंडीच्या सोमसूत्राशी, म्हणजे अभिषेकाचं पाणी बाहेर नेणाऱ्या पन्हळीशी, थांबून परत फिरतात तसं मुखापासून त्याच तटाने उलटं यायचं, उगमाला वळसा घालायचा आणि दुसऱ्या तटाने पुन्हा मुखापर्यंत जायचं. अंतर जवळजवळ दुप्पट होतं.

नियम मोडतो तो पुलांवर, आणि हल्ली मोबाइलमुळे. नकाशाला जवळचा रस्ता ठाऊक, उजवा हात ठाऊक नाही. मोरटक्का, खलघाट किंवा भरूचसारख्या ठिकाणी तो सरळ पुलावरून पलीकडे नेतो, आणि पहाटेच्या धुक्यात नदी आहे की उपनदी हे चटकन कळत नाही. पुलाच्या तोंडाशी थांबून खालच्या नदीचं नाव माणसाला विचारायचं, मगच पाऊल टाकायचं. धारा ओलांडली गेली तर परिक्रमा खंडित मानतात आणि संकल्पापासून पुन्हा सुरुवात. दुसरा वाद कालव्यांचा. सरदार सरोवराचा मुख्य कालवा उत्तर तटावर आडवा येतो आणि त्यातही नर्मदेचंच पाणी आहे. तो न ओलांडता पूर्वेला जाणं अशक्य, म्हणून कालवा म्हणजे धारा नव्हे असा तोडगा रूढ झाला. काही वृद्ध साधू तरीही पुलावर क्षमा मागून ओलांडतात.

बाकीचे नियम शरीर आणि पोट यांचे. वाहनात बसायचं नाही. अंधारात चालायचं नाही. नदीत साबण लावायचा नाही, चूळ भरायची नाही, पोहायचं नाही. काठाशी बसून लोट्याने स्नान. मागायचं नाही आणि उद्यासाठी साठवायचं नाही. हा शेवटचा नियम सर्वांत अवघड वाटतो आणि चालायला लागल्यावर सर्वांत सोयीचा ठरतो. पाठीवर दोन दिवसांचा शिधा घेतलेला माणूस थकतो, थकला की चुकीच्या जागी थांबतो, आणि जिथे गाव त्याची वाट पाहत जेवण करून बसलं होतं तिथे पोचत नाही. काठावरची अन्नछत्रं परिक्रमावासी रिकाम्या हाताने येणार हे धरूनच इतकी वर्षं चालत आली आहेत. अपरिग्रहावर प्रवचनं पुष्कळ ऐकलेली असतात. इथे तो पाठीच्या मणक्याला समजतो.

दिवस पहाटे चारला सुरू होतो. स्नान, पूजा, उजाडताच चालणं. नऊच्या सुमाराला एखाद्या आश्रमात बालभोग, म्हणजे चहा आणि पोहे किंवा चणे. ऊन चढेपर्यंत बारा-पंधरा किलोमीटर झालेले हवेत. भोजनप्रसादी अकरा ते एकच्या दरम्यान. त्यानंतर पोचणाऱ्यासाठी पुन्हा चूल पेटवायला लावू नये. दुपारी दोन तास आडवं व्हायचं, मग पाच-साडेपाचपर्यंत जेवढं होईल तेवढं, आणि दिवेलागणीच्या आत आसन, म्हणजे मुक्कामाचं अंथरूण. आश्रमात शिरताना 'नर्मदे हर' पुकारायचं. आतून पहिला प्रश्न येतो, 'कितनी मूर्ती?', म्हणजे माणसं किती. आकडा लगेच आणि खरा सांगायचा, कारण त्यावर कणीक मळली जाते. मागून येणारे दोघे धरायचे की नाही हेही तेव्हाच. आसन दाखवतील तिथेच लावायचं. कोपरा, पंखा, भिंत निवडत बसायचं नाही. पुरुषांना बाबाजी किंवा महाराज म्हणतात, बायकांना माताराम, आणि पन्नाशीच्या बँक अधिकाऱ्याला कुणी वाकून नमस्कार केला की पहिले काही दिवस अवघडायला होतं. नमस्कार अंगाला लावून घ्यायचा नाही, 'नर्मदे हर' म्हणून तो मैयाकडे, म्हणजे नर्मदेकडे, पोचता करायचा.

तयार जेवण सगळीकडे नसतं. बऱ्याच ठिकाणी सदाव्रत मिळतं: पीठ, डाळ, तांदूळ, मीठ, मिरची, कधी गूळ किंवा तेल. ज्याला चूल पेटवता येत नाही तो इथे अडतो. सर्वांत सोपी खिचडी. एक मूठ डाळ, दोन मुठी तांदूळ, चौपट पाणी. टिक्कड, म्हणजे जाड रोट, करायचे तर पाव किलो पिठाचे तीन, बोटभर जाड. नवखे ते जाळावर टाकतात, बाहेरून करपतात आणि आत कणीक कच्ची राहते. तेच पोटात जाऊन रात्री त्रास देतं. लाकडं जळून निखारा पडू द्यायचा, तव्यावर दोन्ही बाजू कोरड्या करून घ्यायच्या, मग टिक्कड निखाऱ्याशेजारी उभे करून हळूहळू फिरवायचे. अर्धा तास लागतो. उरलेला शिधा परत द्यायचा, पिशवीत टाकायचा नाही.

पायांचं गणित पहिल्या पंधरवड्यात ठरतं. फोड येतात ते घाम, वाळू आणि घासणं एकत्र आल्याने. दर दीड-दोन तासांनी बूट-मोजे काढून पाय वाळवायचे, मोजे उलटे करायचे, जिथे लाली दिसेल तिथे चिकटपट्टी फोड येण्याआधी लावायची. फोड आलाच तर सुई तापवून कडेने पाणी काढायचं, कातडी सोलायची नाही. काठावरच्या शेतांतून चालताना बोरी-बाभळीचे काटे बुटाच्या तळातून आत येतात. लहान चिमटा हवाच. नडगीच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं तर ते डांबरावर भराभर चालल्याचं लक्षण, आणि त्यावर दोन दिवस थांबण्याखेरीज उपाय नाही. 'मैया चालवून घेईल' म्हणत चालत राहिलेले पुढे महिनाभर लंगडताना पाहिले आहेत. पोट बिघडतं पाण्याने, आणि दर आश्रमात घेतलेल्या चहानेही.

आणि घोळका. वारीत दिंडी असते, चाल आणि मुक्काम ठरलेले असतात, जेवणाचा ट्रक पुढे गेलेला असतो. इथे तसं काही नाही, म्हणून दहा-बारांचा घोळका करून निघणं हा अंदाज हमखास चुकतो. सगळ्यांत वेगवानाची चाल सगळ्यांच्या गुडघ्यांवर पडते, लहान आश्रमात बारा मूर्तींना जागा नसते, आणि बोलण्यात नदी राहून जाते. दोघं उत्तम, तिघं चालतील. एकटं निघालं तरी वाटेत सोबत होते आणि सुटते. ती सुटू द्यावी. पहिले काही आठवडे मन संकल्पाच्या उत्साहावर चालतं, मग एक कोरडा पट्टा येतो. घर आठवतं, आरती यांत्रिक होते, नकाशावर किती राहिलं ते मोजणं सुरू होतं. जुने परिक्रमावासी तेव्हा एकच सांगतात: जप पावलांना जोडायचा, किलोमीटरचा हिशेब सोडायचा. तो पट्टा लवकर संपवायचा म्हणून रोज चाळीस किलोमीटर तोडणारे बहुधा त्यातच आजारी पडतात.

ओंकारेश्वर ते बडवानी हा टप्पा सपाट, ऊस-कापसाच्या शेतांचा, पाय बसायला बरा. वाटेत बकावां लागतं, जिथे नर्मदेतल्या दगडांची घासून शिवलिंगं करतात. त्याच तटावर रावेरखेडीला पहिल्या बाजीरावाची समाधी; १७४० साली तो इथेच वारला. महेश्वरसमोरचं नावडातोडी म्हणजे ताम्रपाषाण युगातल्या वस्तीच्या उत्खननाचं गाव. महेश्वरचे घाट पलीकडून नुसते पाहायचे, त्यांची पाळी परतीच्या तटावर. बडवानीला सरोवर भरलेलं असतं त्या काळात जुना राजघाट पाण्याखाली. इथून दोन वाटा फुटतात: शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा अशी सडकेची, किंवा सातपुड्यातून शूलपाणीची झाडी.

झाडी पूर्वी लुटीसाठी प्रसिद्ध होती. भिल्ल मामा अंगावरच्या लंगोटीखेरीज सगळं काढून घेत आणि परिक्रमावासी ते वैराग्याची परीक्षा म्हणून सांगत. आता लूट होत नाही. उलट भादल, खापरमाळ, धडगाव, पुढे गुजरातेत माथासर, झरवाणी अशा वस्त्यांत मक्याची भाकरी आणि काळा चहा पुढे येतो, तोही अशा घरांतून जिथे स्वतःला पुरेल की नाही याची शंका. अडचण आहे ती चढ-उतारांची. सुट्या मुरुमाचे उभे उतार आहेत, तिथे दंड पुढे रोवून आडवी पावलं टाकायची. सरळ उतरणारा घसरतो. पाणी दोन लिटर तरी हवं, वस्त्यांमधलं अंतर फसवं असतं. फोनला रेंज क्वचित. झाडांवर, दगडांवर बाण रंगवलेले आहेत, पण फाट्यावर बाण नसेल तर ज्या वाटेवर गुरांचं शेण ताजं ती वस्तीकडे जाते. मुलं धावत येऊन टॉफी मागतात. ही सवय आपणच, चालणाऱ्यांनी, लावली आहे; वाटायचंच असेल तर शाळेत शिक्षकांकडे वह्या-पेन्सिली द्याव्यात. जुनं शूलपाणेश्वराचं मंदिर सरोवरात बुडालं. नवं गोऱ्याला बांधलेलं आहे, तिथे झाडी संपते. सरदार सरोवर धरणाची उंची १३८.६८ मीटर, आणि २०१७ साली दरवाजे बंद झाल्यापासून काठाची वाट वर डोंगरात सरकली, त्यामुळे जुनी वर्णनं वाचून निघणाऱ्याला यातलं निम्मं सापडत नाही.

राजपीपळा, अंकलेश्वर, हांसोट करत दक्षिण तटाच्या टोकाशी विमलेश्वर येतं. समुद्र इथून पार करायचा. खंभातच्या आखाताची भरती-ओहोटी जगातल्या मोठ्यांपैकी. नाव पूर्ण भरतीवरच सुटते, मग ती वेळ मध्यरात्रीची का असेना. त्यामुळे इथे थांबावं लागतं, गर्दी असेल तर दोन-तीन दिवसही. गोड्या पाण्याची टंचाई असते, आधीच्या गावातून भरून आणलेलं बरं. नावा मासेमारीच्या, उघड्या, इंजिनाच्या. पलीकडे मिठी तलाईला पोचायला तीन-चार तास, आणि ओहोटी लागायच्या आत पोचायचं, नाहीतर नाव गाळात बसते ती पुढच्या भरतीपर्यंत. चढताना-उतरताना पिंढरीपर्यंत चिखल. बूट गळ्यात अडकवायचे, पिशवी प्लास्टिकमध्ये गुंडाळायची, पोट अर्धं रिकामं ठेवायचं. मध्यावर कुपीतलं थोडं जल सागराला अर्पण करतात आणि समुद्राचं पाणी तिच्यात घेतात. संपूर्ण परिक्रमेत नावेत बसण्याची परवानगी ही एकच.

उत्तर तटाचे पहिले दिवस दहेजच्या कारखान्यांतून, ट्रकांच्या धुळीत. नाकाला कापड बांधून भरभर निघावं. भरूचनंतर गुजरात मऊ होतो: शुक्लतीर्थ, मग रंगअवधूत महाराजांचं नारेश्वर, चांदोद, आणि गरुडेश्वर, जिथे माणगावच्या वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामींनी १९१४ साली देह ठेवला. मराठी माणूस इथे एक दिवस जास्त राहतो, आणि राहावं. या पट्ट्यातला धोका पाहुणचाराचा. तूप, शिरा, दर तासाला चहा, 'नाही' म्हटलं तर वाईट वाटणारी घरं. नाकारायचं नाही हा नियम प्रमाणाला लागू नाही. प्रसाद म्हणून चमचाभर घेतला तरी तो पाळला जातो.

गरुडेश्वरनंतर काठ पुन्हा सुटतो आणि अलीराजपूर, कुक्षीकडून फिरून मांडव, महेश्वर. बडवाह ते नेमावर हा जयंतीमातेच्या जंगलाचा भाग; तिथे एकट्याने शिरू नये आणि एका वेळचं खाणं जवळ ठेवण्याला साधूही हरकत घेत नाहीत. याच तटावर धाराजी आहे. एप्रिल २००५ मध्ये वरच्या धरणातून सोडलेल्या पाण्यात तिथे मेळ्याला जमलेले साठांहून अधिक यात्रेकरू वाहून गेले. पाऊस नसताना, आकाश स्वच्छ असताना पाणी चढतं, हे धरणांखालच्या प्रत्येक घाटावर लक्षात ठेवायचं. भोंगा ऐकू आला की कपडे राहिले तरी चालतील, वर यायचं. पात्रातल्या खडकांवर आसन लावून रात्र काढण्याची जुनी हौस आता करू नये.

नेमावरच्या पुढे गव्हा-हरभऱ्याची शेतं, बांधांवरून चालणं, आणि एकामागून एक संगम. भेडाघाट, ग्वारीघाट, मंडला, दिंडोरी. नदी अरुंद होत जाते, आणि दिंडोरीच्या वर एखादा दगड टाकला तर पलीकडे पडेल अशी. इथेच चुकायला सोपं, कारण शेतकरी सहज इकडून तिकडे जातात आणि 'इकडून या, जवळ पडेल' म्हणतात. अमरकंटकला उगमकुंडाच्या मागून, माईच्या बगियावरून वळसा घ्यायचा. कुपीतलं समुद्राचं पाणी मिसळलेलं जल इथे थोडं अर्पण करून नवं भरतात.

परतीचा दक्षिण तट उतरणीचा, म्हणून लोक वेग वाढवतात, आणि उन्हाने पडतात. पहाटे निघून साडेनऊला थांबायचं, संध्याकाळी दोन तास. मीठ-साखरेचं पाणी जवळ. बर्माण घाट, तवेच्या संगमाचं बांद्राभान, नर्मदापुरमचा सेठानी घाट, हंडिया. त्यानंतर इंदिरा सागरचा फुगवटा, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात रटाळ वळसा. हरसूदच्या बाजूने सडकेने जाताना कित्येक दिवस नदी दिसतच नाही, पूजा कुपीचीच.

ओंकारेश्वरला दक्षिण तटावर, जिथून उचलली त्याच घाटावर संकल्प सोडायचा: स्नान, पूजा, पुन्हा मुंडण, कढई आणि कन्याभोजन. वहीवर शेवटचा शिक्का आणि नगर परिषदेचं पूर्णतेचं पत्र. मग कुपी घेऊन पूल ओलांडायचा, आता हरकत नाही, आणि बेटावर ओंकारेश्वराला जल चढवायचं. सकाळी गर्दी असते, गाभाऱ्यात जल थेट चढवू देतील की पात्रातून, हे पुरोहिताला आदल्या संध्याकाळी विचारून ठेवावं. महेश्वर किंवा ग्वारीघाटहून उचललेल्यांनी आधी तिथे पूर्ण करून मग इकडे यायचं. त्या प्रवासाला बस चालते. सगळं जल ओतू नये, तळाशी थोडं घरच्या देव्हाऱ्यासाठी ठेवतात. दंड, डोलची आणि अजून चालण्याजोगे बूट घाटावर नव्याने निघणाऱ्या एखाद्या मूर्तीला देऊन टाकतात.